पार्वतम्माच्या ज्वारीची राखण

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, पौष शुद्ध सप्तमी, शके १८५४

राजमान्य राजेश्री कमलाकरपंत यांचे सेवेशी, कुर्डुवाडी मुक्कामी, आपल्या धाकट्या भगिनीचा नवरा वेणीमाधव याचा साष्टांग नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. (नसल्यास निर्गुडीचा शेक सोडू नये.) आपले रेल्वेचे माल-ऑफिस पूर्वीसारखेच चालू असेल आणि साहेब पूर्वीसारखाच खेकसत असेल. खेकसू द्यावे. ज्याच्यावर कोणी खेकसते त्याला नोकरी आहे, एवढे त्यातून सिद्ध होते. माझ्यावर दिवाळीपासून कोणी खेकसलेले नाही.

यापुढे 'इकडील सर्व कुशल' असे लिहायचे असते. आजवर मी आपणांस जेवढी पत्रे लिहिली त्या सर्वांत ते लिहिले, अगदी मला विषमज्वर होता तेव्हासुद्धा लिहिले. पण या पत्रात लिहिणार नाही. त्या वाक्याने माझ्या घरात येणारी ज्वारी दारातून परत पाठवली. ते कसे झाले ते सविस्तर सांगतो, म्हणजे आपण मला हसाल की रडाल ते आपले आपण ठरवा. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. हे पत्र कसलीही मागणी करण्यासाठी नाही. माणसाला मन मोकळे करायला जागा लागते, आणि आमच्या चाळीत ती नाही, कारण इथे भिंती पत्र्याच्या आहेत.

आमची मिल बंद झाली हे आपणांस माहीत आहेच. मालक म्हणतात की सूत महाग आणि कापड स्वस्त. मी हिशेबनीस होतो, मला ते पटलेही. त्या हिशेबात माझे नाव कापले गेले तेव्हासुद्धा हिशेब बरोबरच होता, हे आपल्या या मेहुण्याचे दुर्दैव! आता गावातल्या थोरामोठ्यांनी मिळून एक मंडळ काढले आहे, गरजू कुटुंबांच्या साहाय्यासाठी. सुगी हाती येईपर्यंतची ज्वारी घरटी द्यायची, पण आधी मंडळाचे कोणी गृहस्थ घरी येऊन पाहणार, की कुटुंब खरेच गरजू आहे की नुसते तोंड वेंगाडते आहे. मी म्हटले, आपण गरजू आहोत, मग लाज कसली? असे म्हणून मी निघालो, आणि चाळीच्या दारातच माझ्या ध्यानात आले की लाजही माझ्याबरोबर निघाली आहे. पागोटे भुवयांपर्यंत ओढले आणि हातात छत्री घेतली, उघडून तोंडापुढे धरायला. (छत्री म्हणजे चांदीच्या मुठीची, आपण माझ्या लग्नात मानाची म्हणून दिलेली. तिच्याबद्दल पुढे येईल. आपण आत्तापासूनच मन घट्ट करावे.)

मंडळाच्या दाराशी ही रांग! आणि रांगेत माझ्या पुढे कोण, तर येडू. येडू म्हणजे आमच्या मिलच्या फाटकावरचा पहारेकरी, रोज सकाळी मला सलाम ठोकणारा. छत्रीआडूनही त्याने मला ओळखले. मोठ्याने ओरडला, "सायेब! तुमी हितं?" सगळी रांग मागे वळली. कमलाकरपंत, त्या क्षणी 'होय बाबा, मीही तुझ्यासारखाच' एवढेच म्हणायचे होते. सोपे शब्द आहेत, आत्ता लिहिताना काही जड गेले नाही. पण तोंडातून बाहेर काय पडले, तर "देणगी द्यायला आलो होतो." झाले! येडू भला माणूस. त्याला भरून आले. "अरं सरका की, सायब पैका द्याला आल्यात!" असे म्हणत त्याने मला धक्के देत रांगेतून काढले आणि थेट आत नेऊन देणगीदारांच्या खोलीत खुर्चीवर बसवले. तिथे मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब होते. त्यांनी मला चहा दिला, विडा दिला, गळ्यात हार घातला आणि माझ्याकडे पाहत बसले. खिशात तपकिरीची डबी होती, तीही रिकामी. तेव्हा मी काय केले असेल? छत्री दिली. "गोरगरिबांच्या कामी यावी" असे म्हणालो. आबासाहेबांनी मूठ बोटाने वाजवून पाहिली आणि मला मिठी मारली. मी हार घालून घरी आलो. पागोटे आता मागे सरकवले होते, कारण लपवायला काही उरले नव्हते.

घरी येऊन मी जे खरे ते हिला सांगितले. आपली भगिनी त्यावर काही बोलली नाही. हारातली फुले सोडवून तिने देवाला वाहिली. (हिचे न बोलणे आपण लहानपणापासून ऐकत आला आहात, मी काय सांगू.) दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन, कोणाला दिसू नये म्हणून मागच्या बोळातून, ती एकटीच मंडळाच्या बायकांच्या खिडकीशी गेली आणि आमचे नाव नोंदवून आली. चाळीत कोणालाही कळू दिले नाही, आणि तिथेच सगळा घात झाला.

आमच्या शेजारी पार्वतम्मा राहते. तिचा नवरा चनमल्लप्पा आमच्याच मिलमध्ये मागावर होता, तोही आता घरी बसून छपराचे वासे मोजतो. लिंगायत मंडळी, अक्कलकोटाकडची, बोलणे अर्धे कानडी, पण बाई मनाने मोकळी. घरात खाणारी तोंडे भरपूर. त्यांनीही नाव घातले होते आणि आबासाहेब पाहणीला येणार अशी वर्दी त्यांना सकाळीच लागली. तेव्हा पार्वतम्मा आमच्याकडे आली ती डोक्यावर तांब्याचा हंडा घेऊनच. म्हणाली, "वैनी, येवडं सामान तुमच्याकडं ठिवते की. आमच्या घरात हंडे दिसले तर ते सायब ज्वारी द्यायचे न्हाईत. तुमी मोठी मानसं, तुमचं घर कोन बघायला येतंय?" आता इथे हिने काय सांगायचे होते? 'बाई गं, आमचेही नाव आहे' हेच ना? पण हीदेखील माझीच बायको. हसून म्हणाली, "ठेवा की, त्यात काय." हंड्यामागून घागरी आल्या, समया आल्या, तिच्या लग्नातला लाकडी पाळणा आला. ते पाहून पलीकडच्या खोलीतल्या नागम्माला अक्कल सुचली, आणि तिने आपले भिंतीवरचे घड्याळ आणि दोन नव्या कोऱ्या चादरी आणून टाकल्या. मग काय विचारता! एकीचे बघून दुसरी, दुसरीचे बघून तिसरी. दुपारपर्यंत चाळीतले जे जे म्हणून चकाकते ते सारे माझ्या घरात येऊन बसले होते. माझी स्वतःची भांडी दिवाळीनंतर मोडीत गेलेली. मोकळ्या झालेल्या फळ्यांवर इतके तांबे मी आयुष्यात पाहिले नव्हते.

आणि त्या ऐश्वर्याच्या मधोमध मी बसलो असताना आबासाहेब आले. उन्हातून आले होते, डोक्यावर माझी छत्री. (आपली. पण आता त्यांची.) दारातच त्यांनी मला ओळखले. घड्याळाकडे पाहिले, समयांकडे पाहिले, चादरीवर हात फिरवला आणि मला विचारले, "काय वेणीमाधवराव, कसं काय?" कमलाकरपंत, शंकराची शपथ घेऊन सांगतो, मी 'वाईट आहे' असेच म्हणणार होतो. पण दारात पार्वतम्मा उभी होती. हंडा तिचा होता. मी एक शब्द बोललो असतो तर तो हंडा कोणाचा हा प्रश्न निघाला असता आणि तिच्या घरची ज्वारी गेली असती. शिवाय 'कसं काय' असे विचारले की काय म्हणायचे हे माझ्या जिभेला मुंजीपासून पाठ. मी म्हणालो, "आपल्या आशीर्वादाने सर्व कुशल आहे."

आबासाहेब खो खो हसले. म्हणाले, "अहो, तुमचं नाव कोणीतरी चावटपणे आमच्या यादीत घातलंय! छत्री देणाऱ्याला ज्वारी द्यायची म्हणे!" मीही हसलो. हसावेच लागले. ही स्वयंपाकघरात होती, तिचे हसणे ऐकू आले नाही. दारात पार्वतम्माचा चेहरा मात्र एकदम उतरला. तिला आपले हंडे ओळखले जातील अशी भीती वाटली असावी. नंतर आबासाहेबांनी मला हाताशी धरून बाजूला घेतले आणि म्हणाले, तुम्ही या चाळीतले एकटेच खाऊनपिऊन सुखी गृहस्थ, तुम्ही खरे सांगाल, इथे खरोखर गरजू कोण कोण? मग मी त्यांच्याबरोबर घरोघर फिरलो. पार्वतम्माच्या मोकळ्या फळ्या दाखवल्या, नागम्माच्या भिंतीवरचा घड्याळाचा रिकामा खिळा दाखवला. माझ्या शब्दावर सबंध चाळीला ज्वारी मिळाली. आबासाहेब जाताना म्हणाले की मंडळाला तुमच्यासारख्या माणसांची फार गरज आहे. मी म्हणालो, मलाही मंडळाची. त्यांना तो विनय वाटला.

इथवर झाले ते झाले. पण देवाला एवढ्यावर समाधान कुठले? पार्वतम्माला माणसे जास्त म्हणून दोन पोती मिळाली. एक तिने घरात ठेवले आणि दुसरे चनमल्लप्पाच्या पाठीवर देऊन आमच्याकडे आणले. म्हणे तिच्या घरात उंदीर फार. (आमच्या घरात काय उंदीर नाहीत? आहेत. पण ते येतात, फिरून पाहतात आणि निराश होऊन जातात.) म्हणाली, "सायेब, तुमच्या राखणीत ठिवते. तुमच्यासारका इमानी मानूस दुसरा कुटं मिळनार?" इमानी म्हटल्यावर मी नाही कसे म्हणणार? पोते कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभे केले आणि त्याचे तोंड मी स्वतः सुतळीने बांधले, मिलमध्ये गठ्ठ्यांना मारतात त्या गाठीने. ती गाठ माझ्याखेरीज कोणाला सुटायची नाही.

तेव्हापासून मी परक्या ज्वारीचा राखणदार आहे. रोज सकाळी तोंड धुतले की पोत्याला हात लावून पाहतो. जसे आले तसेच आहे, तसेच टरटरीत, तसेच गुबगुबीत. मी वाळत चाललो आहे आणि ते पोते मात्र आहे तसे, याचा मला राग येतो आणि अभिमानही वाटतो. आमच्या घरातली दिवाळीची ज्वारी अजून पुरते आहे, हे सारे आपल्या भगिनीचे कौतुक. विचारले तर 'अन्नपूर्णेची कृपा' म्हणते. मी फार विचारत नाही, उगाच अन्नपूर्णा बिथरायची. तरी ही काटकसर कधी कधी हद्दीबाहेर जाते. माझी जाड गोधडी पंधरवडा झाला दिसत नाही. विचारले तर म्हणाली, नागम्माकडे टाके घालायला दिली आहे. आता नागम्मा काय त्या गोधडीवर वेलबुट्टी काढते आहे की काय! यंदा पौषाची थंडी अशी, की मी धोतराच्या दुहेरी घडीत पाय घालून पडतो आणि सकाळी गुडघे हाताने सरळ करतो.

एक गोष्ट लिहू की नको असे वाटते, पण लिहितो. परवा घरात कोणी नव्हते. मी आणि पोते समोरासमोर बसलो होतो. माझा हात गाठीपर्यंत गेला. ओंजळभर घेतली असती तर कोणाला कळले असते? थोरल्या मुलीला, प्रेमलाला, सकाळी भाकरीचा तुकडा धाकटीच्या ताटात सरकवताना मी पाहिले होते, ते डोळ्यांपुढून हलेना. हात तसाच गाठीवर राहिला. मग पार्वतम्माचे 'इमानी मानूस' कानात वाजले आणि मी हात मागे घेतला. घेतला खरा, पण मला रडू कोसळले, कमलाकरपंत. मिल बंद झाली तेव्हाही मी रडलो नव्हतो.

असो. आता जगात माझे म्हणून दाखवण्यासारखे एवढेच उरले आहे. पार्वतम्माचे घरातले पोते संपत आले असावे, कारण तिची जात्यावरची घरघर हल्ली लवकर थांबते. म्हणून मी ठरवले आहे की संक्रांतीच्या दिवशी हे पोते मी स्वतः तिच्या दारात नेऊन ठेवीन, सगळ्या चाळीला बोलावीन आणि सर्वांदेखत गाठ सोडीन. पाहा म्हणावे, एक दाणा हललेला नाही. छत्री गेली, नोकरी गेली, भांडी गेली, पण वेणीमाधवाच्या घरात परक्याचा दाणा सुरक्षित राहतो! हिला मी हा बेत सांगितला तेव्हा तिला इतका आनंद झाला, की हातातली परात पडली.

वहिनींस नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा, कारण त्याला ज्वारी लागत नाही.

आपला,
वेणीमाधव

ता. क. वर मागणी काही नाही असे लिहिले आहे ते वरच्यापुरते खरे आहे. आपण कृपा करून हिला आणि दोन्ही मुलींना सुगीपर्यंत कुर्डुवाडीस बोलावून घ्यावे. वहिनींचा गुडघा हे कारण उत्तम आहे. बरा झाला असल्यास पुन्हा दुखवावा. मी सांगितले असे मात्र कळू देऊ नये, ती मला सोडून यायची नाही. माझी काळजी नको. मी जेवणाच्या वेळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसतो आणि घरी येऊन 'मित्राकडे झाले' म्हणतो. वर एक ढेकरही देतो. तिला काही संशय नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्यापुरती खळ घरात निघते का पाहायला पत्र हिच्याकडे देत आहे. ती दुसऱ्याची पत्रे वाचत नाही, तो तिचा स्वभावच नाही.

ती. दादास, दुर्गीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं. मला बोलावू नकोस. वहिनींच्या गुडघ्यावर आता कुणी काही लिहू नये, त्यांना खरंच दुखतं. मी गेले तर हे दोन्ही वेळा तळ्यावर जाऊन बसतील आणि भिंतीसमोर ढेकर देतील. ती खोटी असते हे मला पहिल्या दिवशीच कळलं. पोटात काही असलेल्या माणसाला इतकी मोठी ढेकर येत नाही.

दिवाळीची ज्वारी दिवाळीनंतर आठ दिवसांत संपली, दादा. आबासाहेब हसले तेव्हा पार्वतम्मा दारात होती. आमचंही नाव होतं हे तिला तिथेच कळलं. मग ती पोतं घेऊन आली, आणि हे बाहेर गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, "वैनी, हे तुमचंच हाय. उघड दिलं तर सायब घ्यायचे न्हाईत, म्हनून राखणीत ठिवलंय." तेव्हापासून आम्ही तीच खातो. गाठ यांची, मला सुटत नाही, म्हणून भिंतीकडची शिवण उसवून काढते. हे रोज सकाळी हात लावून बघतात, म्हणून काढली तेवढी जागा चिंध्यांनी भरली. चिंध्या संपल्यावर यांची गोधडी कोंबली. आता वर फक्त दोन बोटं ज्वारी आहे.

पार्वतम्मा मागणार नाही. पण तिचं घरातलं संपलंय, तिची मुलं आमच्या दारात येऊन नुसती बसतात, आणि हे सर्वांसमोर गाठ सोडणार आहेत. यांचं एवढंच उरलंय, दादा, ते मोडायला नको.

तू मालगाडीनं एक पोतं पाठव. पाठवणाऱ्याचं नाव कुणाचंही घाल, पण घेणाऱ्याचं पार्वतम्माचं घाल, आमचं नको. हे तळ्यावर असताना आम्ही दोघी बदलून घेऊ. गाठ तेवढी मला चनमल्लप्पा शिकवतो म्हणाले आहेत.

आणि संक्रांतीपर्यंत थांबू नकोस, उद्याच पाठव. थंडी फार आहे, आणि यांची गोधडी पोत्यात आहे.